एआयकडून कोड लिहून घेताना वीज आणि पाणी किती खर्ची पडते?

"एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी संपते," हा संदेश बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. उन्हाळा लागला की राकसकोप जलाशयात किती फूट पाणी उरले ही बातमी आधी वाचणाऱ्या बेळगावकरांच्या मनात असा संदेश घर करून राहतो. याच घरांतील मुले-मुली मात्र उद्यमबाग-मच्छे परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकताना, अथवा खानापूर-निपाणीत घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचे काम करताना, दिवसभर एआयकडून कोड लिहून घेतात. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने २०२५ मध्ये केलेल्या प्रोग्रॅमरांच्या पाहणीत ८४ टक्के जणांनी आपण अशी साधने वापरतो किंवा वापरणार आहोत असे सांगितले, म्हणजे ही गोष्ट आता मोजक्या हौशी लोकांपुरती राहिलेली नाही. घरात विषय निघाला की वडीलधारी मंडळी पाण्याच्या बाटलीचा दाखला देतात, आणि मुले म्हणतात की एका प्रश्नाला अशी कितीशी वीज लागणार. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही एकेका प्रश्नाचे मोजमाप करत आहेत आणि माझ्या मते तिथेच हिशेब चुकतो.

शब्द, टोकन आणि तापणारी यंत्रे

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच, आणि त्या सूचना ज्या मजकुरात लिहिलेल्या असतात तो कोड. कोड लिहून देणाऱ्या एआयच्या मुळाशी प्रचंड मजकूर वाचून घडवलेली एक गणिती रचना असते, तिला मॉडेल म्हणतात. आपली मागणी मॉडेलपुढे जाते ती शब्दाच्या किंवा शब्दाच्या अंशाच्या आकाराच्या तुकड्यांत. हा तुकडा म्हणजे टोकन. उत्तरही टोकन-टोकन करूनच बाहेर पडते आणि दर टोकनामागे अब्जावधी गुणाकार-बेरजा होतात. हे काम आपल्या लॅपटॉपमध्ये होत नाही, तर हजारो संगणक रांगेने बसवलेल्या डेटा सेंटर नावाच्या इमारतीत होते. तिथे वापरली जाणारी एनव्हिडियाची एच१०० ही चिप पूर्ण जोराने चालताना ७०० वॅट वीज घेते, आणि अशा आठ चिपा असलेले एक यंत्र १० किलोवॅटपर्यंत जाते. शेतातील साडेसात अश्वशक्तीच्या दोन मोटारी एका वेळी चालवल्या तर जवळपास तेवढाच भार पडतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता बनते आणि ती उष्णता इमारतीबाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज लागते, बऱ्याच ठिकाणी पाणीही लागते. उपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीनुसार संगणकांपर्यंत एक युनिट पोहोचवताना जगभरातील डेटा सेंटरांना सरासरी १.५६ युनिट खर्च करावे लागतात.

यातले काहीही आपल्या घरच्या मीटरवर उमटत नाही. लॅपटॉप दिवसभर चालला तरी जेमतेम अर्धा युनिट घेतो, हेस्कॉमच्या बिलात तेवढेच दिसते, आणि गृहज्योती योजनेत बसणाऱ्या घराला तर तेही भरावे लागत नाही. खर्च डोळ्यांआड होतो म्हणून तो नाही असे वाटते, आणि म्हणूनच मला हा विषय आकडे हाती घेऊन मांडावासा वाटला.

उद्यमबागेतील फाउंड्रीचा हिशेब

हे समजून घ्यायला बेळगावच्या माणसाला दूर जायला नको. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, तयार करणाऱ्या कोणत्याही फाउंड्रीत दोन वेगळे खर्च असतात. आधी वस्तूचा नमुना, म्हणजे पॅटर्न, करून घ्यावा लागतो. त्याला वेळ, पैसा, कारागिरी लागते, पण तो एकदा झाला की त्यावरून हजारो साचे भरता येतात. दुसरा खर्च रोजचा आहे: भट्टीत लोखंड वितळवायचे, रस ओतायचा, कास्टिंग काढायचे. मॉडेल घडवण्याचे काम, ज्याला प्रशिक्षण म्हणतात, ते पॅटर्नसारखे आहे, आणि आपण केलेली प्रत्येक मागणी म्हणजे एक ओतकाम.

पॅटर्नचा खर्च लहान नसतो. गूगल आणि बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार जीपीटी-३ या मॉडेलच्या प्रशिक्षणाला १,२८७ मेगावॅट-तास वीज लागली, म्हणजे जवळजवळ १३ लाख युनिट. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात असे धरले, तर तेवढ्या विजेत दोन हजार टनांहून अधिक रस तयार झाला असता. त्यानंतरची मॉडेले बरीच मोठी आहेत.

फाउंड्रीवाला मात्र आपला दर केवळ ओतलेल्या रसावर काढत नाही. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेचे छिद्र, पडले, माप चुकले, तर तो नग रिजेक्शनमध्ये जातो. लोखंड पुन्हा भट्टीत टाकता येते. पहिल्या वेळी जळालेली वीज कुठून परत आणणार? म्हणून तो दर काढतो ते गिऱ्हाइकाने स्वीकारलेल्या चांगल्या मालाच्या किलोमागे. एआयकडून कोड लिहून घेताना नेमका हाच हिशेब मांडायला हवा: एका प्रश्नाला किती वीज लागली यापेक्षा, शेवटी कामाला आलेल्या आणि टिकलेल्या कोडमागे एकूण किती वीज गेली. पुढचा सगळा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो.

एका प्रश्नाला खरोखर किती लागते?

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनी या एआयचे आकडे प्रसिद्ध केले. त्यानुसार मजकुराच्या एका मधल्या प्रतीच्या प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज लागते. त्याआधी ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी चॅटजीपीटीच्या सरासरी प्रश्नाला ०.३४ वॅट-तास लागतात असे म्हटले होते, आणि एपॉक एआय या संशोधन संस्थेचा स्वतंत्र अंदाज ०.३ च्या आसपास होता. एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. तेव्हा गूगलच्या आकड्याने एका युनिटात चार हजारांहून अधिक प्रश्न बसतात, आणि भट्टीत एक टन लोखंड वितळवायच्या विजेत सुमारे २५ लाख प्रश्न. "एका प्रश्नाला काय वीज लागते?" असे मुले म्हणतात त्याला हा आधार आहे, आणि तो मान्य करायला हवा.

पण हे आकडे गप्पांसारख्या छोट्या प्रश्नोत्तरांचे आहेत. कोड लिहिण्याचे काम तसे नसते.

एजंट कामाला लागतो तेव्हा

मागणी मिळाल्यावर स्वतःच फाइली उघडणारा, कोड बदलणारा, चालवून पाहणारा आणि चूक आली की पुन्हा प्रयत्न करणारा एआय म्हणजे एजंट. समजा, उद्यमबागेतील एखाद्या वर्कशॉपच्या डिलिव्हरी चलनावर कास्टिंगचे वजन किलोत दोन दशांशांपर्यंत छापून येते आणि ते तीन दशांशांपर्यंत हवे आहे. एजंटला एवढेच सांगितले की "चलनावरचे वजन तीन दशांशांत दाखव." तो आधी सगळे फोल्डर धुंडाळतो. चलनाची फाइल, बिलाची फाइल, जीएसटीचा हिशेब, डेटाबेसची रचना हे सगळे वाचतो. मग छापण्याच्या ठिकाणी बदल करतो आणि चाचण्या चालवतो. बिलातील वजन आणि चलनातील वजन जुळत नाही म्हणून एक चाचणी नापास होते. मग तो बिलाचा कोड बदलतो, त्याने दुसरी चाचणी मोडते, ती दुरुस्त करतो. या प्रत्येक पावलाला मॉडेलपुढे आतापर्यंतचे सगळे बाड पुन्हा मांडले जाते: आधी वाचलेल्या फाइली, केलेले बदल, आलेले चुकांचे संदेश. माणसाला वाटते आपण एक वाक्य लिहिले. मॉडेलने तेवढ्यात लाखो टोकन वाचलेले असू शकतात.

या वाढत्या बाडाची किंमत एपॉक एआयच्या फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजात स्पष्ट दिसते. साध्या प्रश्नाला ०.३ वॅट-तास, दहा हजार टोकनांचा मजकूर जोडला तर सुमारे २.५, आणि एक लाख टोकनांचा जोडला तर जवळपास ४०. म्हणजे मजकूर दसपट झाला तेव्हा वीज दसपटीहून अधिक वाढली. एक लाख टोकनांचे असे दहा ताजे वाचन झाले, तर दिवसभर लॅपटॉप चालवण्याइतकी वीज तेवढ्यातच गेली. प्रत्यक्षात कंपन्या आधी वाचलेला भाग साठवून ठेवतात आणि पुन्हा वाचताना बरीच बचत करतात, शिवाय नव्या चिपा आणि नवी मॉडेले काटकसरी आहेत. तरीही मॉडेलपुढचा मजकूर जितका लांब तितका खर्च अधिक, हा नियम काही बदलत नाही.

आता तेच काम दुसऱ्या रीतीने पाहा. ज्याला आपल्या कोडची माहिती आहे तो एजंटला फाइलचे नाव सांगतो, वजन कुठे गोल केले जाते ते दाखवतो आणि बिलाला हात लावू नको असे बजावतो. एखाद-दोन फेऱ्यांत काम होते. किंवा तो स्वतः फाइल उघडून दोनाचे तीन करतो. काम तेच, चलन तेच, पण दोन्हींतील विजेचा फरक कित्येक पटींचा असतो.

पाण्याचे आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत?

बाटलीच्या संदेशाचे मूळ २०२३ मधील एका अभ्यासात आहे. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जीपीटी-३ साठी असा अंदाज दिला की मध्यम लांबीच्या १० ते ५० उत्तरांमागे अर्धा लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे मूळ आकड्यातही एका उत्तराला बाटली नव्हती. संदेश पुढे ढकलताना मधली दहा ते पन्नास उत्तरे गळून पडली. उलट गूगलने २०२५ मध्ये दिलेला आकडा एका प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब एवढाच आहे. आणि फ्रान्सच्या मिस्ट्राल कंपनीने त्याच वर्षी आपल्या मॉडेलच्या ४०० टोकनांच्या उत्तराला ४५ मिलिलिटर असा आकडा जाहीर केला.

यात कुणीतरी खोटे बोलत आहे असे समजायचे कारण नाही. प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी रेघ ओढली आहे. गूगलने आपल्या इमारतीत थंडाव्यासाठी उडून गेलेले पाणी धरले. रिव्हरसाइडच्या संशोधकांनी वीज तयार करताना औष्णिक केंद्रात वाफ होऊन जाणारे पाणीही धरले. मिस्ट्रालने तर यंत्राच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब मांडायच्या पद्धतीने आकडे काढले.

आपल्या भागासाठी यातला औष्णिक केंद्रांचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. विजापूर जिल्ह्यातील कुडगी येथील २,४०० मेगावॅटचे कोळशावरील केंद्र अलमट्टी जलाशयाचे पाणी वापरते, आणि त्या जलाशयात चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतून वाहत गेलेली कृष्णाच येते. बेंगळुरूचे एखादे डेटा सेंटर राज्याच्या जाळ्यातील वीज घेते तेव्हा त्याच्या पाण्याच्या खर्चातला एक वाटा असा वर, कृष्णेच्या काठी पडतो. कंपनीच्या अहवालात पाणी कमी दिसते तेव्हा कोणते पाणी मोजले आहे हे विचारण्याचा सीमाभागातील शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे, असे मला मनापासून वाटते.

कंपन्या सौर वीज वापरतात ना?

वापरतात, पण त्या दाव्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच अक्षय ऊर्जा वर्षभरात विकत घेतली, असा बहुतेकांचा हिशेब असतो. तुमकुरू जिल्ह्यातील पावगडचे २,०५० मेगावॅटचे सौर पार्क दुपारी भरभरून वीज देते. रात्री नऊ वाजता डेटा सेंटर चालूच असते, पण पावगड थांबलेले असते, आणि तेव्हा रायचूर, बळ्ळारी, कुडगी येथील औष्णिक केंद्रांच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. भारताच्या वीजजाळ्यात एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अणुऊर्जेवर मुख्यतः चालणाऱ्या फ्रान्समध्ये हे प्रमाण दहा पटींहून कमी आहे. त्यामुळे तोच कोड, त्याच मॉडेलने, तेवढ्याच टोकनांत लिहिला तरी तो कुठल्या देशातील यंत्रावर आणि कोणत्या वेळी लिहिला गेला यावर धुराचे प्रमाण ठरते. कंपन्यांचे स्वतःचे अहवालही फारसा दिलासा देत नाहीत: २०२४ मध्ये गूगलने आपले उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी, तर मायक्रोसॉफ्टने २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले, आणि डेटा सेंटरांचा विस्तार हे दोन्हींमागचे मोठे कारण होते.

यंत्रे सुधारत आहेत, मग प्रश्न आपोआप सुटेल की!

सुधारणा खरोखर मोठी आहे. मे २०२४ ते मे २०२५ या एका वर्षात मधल्या प्रतीच्या प्रश्नाला लागणारी वीज ३३ पटींनी घटली, असे गूगल म्हणते. परंतु एखादी गोष्ट स्वस्त झाली की तिचा वापर वाढतो. कोळशाची इंजिने काटकसरी झाली तशी इंग्लंडमध्ये कोळशाची मागणी वाढली, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते. कोडच्या बाबतीत हीच वाट दिसते. आधी एआय अर्धी ओळ पुरी करून देत असे, मग प्रश्नांना उत्तरे देऊ लागला, आता एकाच वेळी चार-चार एजंट कामाला लावले जातात.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. भारताची वर्षाची एकूण मागणी सुमारे १,७०० अब्ज युनिट आहे, म्हणजे तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी. २०३० पर्यंत डेटा सेंटरांचा आकडा सुमारे ९४५ अब्जांवर जाईल असे अहवाल सांगतो. यातली सगळी वीज एआयची नाही, आणि एआयमधली सगळी कोडसाठी नाही, हे लक्षात ठेवावे. पण वाढीला सर्वाधिक जोर एआयचाच आहे.

वेळ वाचला म्हणजे वीजही वाचली?

हा युक्तिवाद तरुणांकडून नेहमी ऐकू येतो: जे काम मला आठ तास लागले असते ते एआयने अर्ध्या तासात केले, म्हणजे साडेसात तासांचा लॅपटॉप, दिवे, पंखा वाचला. वेळ खरोखर वाचला आणि त्या वेळात लॅपटॉप बंद राहिला, तर यात तथ्य आहे. प्रत्यक्षात वाचलेल्या वेळात पुढचे काम सुरू होते.

शिवाय वेळ वाचल्याची भावना आणि वेळ वाचणे यांत अंतर असू शकते. अमेरिकेतील मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही एआयसह, काही एआयविना. एआय वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि तरीही काम संपल्यावर त्यांना वाटत होते की आपला २० टक्के वेळ वाचला. हा एक छोटा, विशिष्ट परिस्थितीतला प्रयोग आहे. नवशिक्यांना किंवा अनोळखी भाषेत काम करणाऱ्यांना फायदा होऊ शकतो. पण ज्याला आपला कोड पाठ आहे त्याने एजंटचे लिखाण तपासण्यात, टाकून देण्यात आणि पुन्हा मागवण्यात किती वीज जाते हे एकदा पाहावे. फाउंड्रीत ज्याला रिजेक्शन म्हणतात ते हेच.

लिहून झालेला कोड पुढे वर्षानुवर्षे वीज खातो

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. कोड एकदा लिहिला जातो, पण चालतो रोज. पाचशे पार्टांची यादी दाखवायची असेल, तर डेटाबेसला एकदाच विचारून पाचशे ओळी आणता येतात. किंवा आधी यादी मागायची आणि मग प्रत्येक पार्टासाठी वेगळे विचारायचे, म्हणजे ५०१ खेपा. दोन्ही कोड बरोबर चालतात, पडद्यावर सारखेच दिसतात, आणि चाचणीच्या दहा पार्टांवर फरक कळतही नाही. घाईत मागवलेल्या आणि न वाचता स्वीकारलेल्या कोडमध्ये ही दुसरी पद्धत सहज शिरते. तो कार्यक्रम पाच वर्षे, दिवसातून शेकडो वेळा चालला, तर लिहिताना लागलेली वीज त्यापुढे किरकोळ ठरू शकते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हीच ५०१ खेपांची जागा शोधून दुरुस्त कर असे एजंटला सांगितले, तर तो ते चांगले करतो, आणि त्या एका कामाला लागलेली वीज काही दिवसांत भरून निघते. जुन्या, जड कोडला हलका करण्यासाठी एआय वापरणे हा मला त्याचा सर्वांत रास्त उपयोग वाटतो.

मग वापर थांबवायचा का?

ज्या भागातून शिकलेली मुले रोजगारासाठी बाहेर जातात, तिथल्या तरुणांनी हे साधन हातात घेऊ नये असे मी म्हणणार नाही. वापरण्याची रीत मात्र ठरवता येते. फाइल आणि जागा माहीत असेल तर ती सांगावी. विषय बदलला की जुने संभाषण पुढे ओढत नेण्यापेक्षा नवे सुरू करावे, कारण जुन्या बाडाचे ओझे प्रत्येक पावलाला वाहिले जाते. नाव बदलणे, ओळी नीट मांडणे, एखादा शब्द शोधणे ही कामे एडिटरमधील साधी साधने जवळपास फुकटात करतात. त्यासाठी मॉडेलला हाक मारायची गरज नाही. छोट्या कामाला छोटे मॉडेल पुरते.

"मग मॉडेल कॉलेजच्या संगणकावरच चालवू," असे कुणी म्हणेल. शिकण्यासाठी आणि माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ते चांगले आहे. विजेच्या दृष्टीने मात्र ते आपोआप हिरवे ठरत नाही, कारण डेटा सेंटरचे यंत्र एकाच वेळी अनेकांच्या मागण्या एकत्र हाताळते आणि आपल्या प्रयोगशाळेतील यंत्र एका विद्यार्थ्यासाठी, बरेचदा रिकामेच, तापत राहते.

मोजण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे. ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनने तयार केलेले सॉफ्टवेअरच्या कार्बनतीव्रतेचे मानक २०२४ मध्ये आयएसओ/आयईसी २१०३१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात वापरलेल्या विजेमागचा धूर आणि यंत्र बनवतानाचा धूर यांची बेरीज करून ती कामाच्या एका एककाने भागतात. ते एकक एक ग्राहक असेल, एक चलन असेल, एक अहवाल असेल. झाडे लावून किंवा कार्बनचे दाखले विकत घेऊन केलेली वजावट त्यात धरली जात नाही. चांगल्या मालाच्या किलोमागे दर काढणाऱ्या फाउंड्रीवाल्याला ही रीत नवी वाटणार नाही.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे आणि दोनशेहून अधिक महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालात एक तक्ता वाढवायला कुणाची आडकाठी नसावी: कोणते मॉडेल वापरले, एकूण किती टोकन लागले, किती ओळी लिहून घेतल्या आणि त्यांतल्या किती शेवटी प्रकल्पात राहिल्या. टोकनांचा आकडा बहुतेक साधनांच्या वापराच्या पानावर दिसतो, आणि उरलेल्या ओळी गिट या नोंदवहीतून काढता येतात. महाविद्यालये आणि कंपन्या या साधनांचे परवाने एकगठ्ठा विकत घेतात तेव्हा दर दहा लाख टोकनांमागे किती वीज आणि किती पाणी लागते, आणि त्या पाण्यात वीजकेंद्राचे पाणी धरले आहे का, हे त्यांनी करारापूर्वी लेखी मागावे.